रोगणाखालचे लोखंड

लोट्याच्या सड्यावर जून ते सप्टेंबर उघडे लोखंड टिकत नाही. खेड आणि चिपळूण यांच्यामधला हा कातळ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. कोयते, विळे, पहारी यांना तेलाचा हात फिरवून ठेवणे हे इथे घरोघरी मृगाआधीचे काम असते. हे लहानपणापासून पाहिलेले, शिवाय कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेले, आणि तरीही निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी वडिलांच्या सायकलीचा सगळा रंग खरवडून काढला आणि उघड्या पोलादावर पारदर्शक लेप दिला.

सायकल 'हिंद' होती, वरळीच्या कारखान्यातली. अण्णा प्राथमिक शिक्षक. औद्योगिक वसाहत यायच्या आधी या सड्यावरून ते तिच्यावर शाळेत जात. ते गेल्यावर सायकल पडवीत उभी होती. काळा रंग ठिकठिकाणी उडालेला, सोनेरी रेघा पुसट, चेनकव्हरवर पेंटरकडून लिहून घेतलेले अण्णांचे नाव अर्धेमुर्धे. हल्ली पुण्या-मुंबईच्या हौशी सायकलस्वारांत उघड्या पोलादाच्या फ्रेमची आवड दिसते. पितळेच्या झाळणीचे सोनेरी सांधे, नळीचा राखाडी झळाळ, वर काचेसारखे रोगण. मला वाटले, अण्णांच्या सायकलीचे खरे रूप असेच दिसेल. पेंट रिमूव्हर, पॉलिश पेपर आणि स्प्रे गन घेऊन मी आठ दिवस खपलो. सायकल सुरेख दिसू लागली.

श्रावणात मधल्या दांडीवर केसाएवढ्या जाडीच्या तांबूस रेघा उमटल्या. वर लेप गुळगुळीत, शाबूत. रेघा त्याच्या खाली. लिंबाच्या पानावर नागअळी वळणे घेत जाते तशा त्या रोज थोड्या पुढे सरकत होत्या. शेजारचा मुलगा वसाहतीत रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो. तो वाकून बघत म्हणाला, "काका, फॉस्फेटिंग केलं होतंत का?"

"नाही. करड्या थराने पोलाद झाकलं गेलं असतं."

"मग लेप बसणार कशाला धरून?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सायकलीवरच्या रोगणाचा इतिहास हाती लागला. तो बराचसा मुंबई बंदरातून जातो, आणि आमच्या आंब्या-काजूच्या गणगोतापर्यंतही पोचतो.

सुरुवात शब्दांपासून करू. जुन्या मराठीत व्हार्निशला 'रोगण' म्हणत. उत्तम पारदर्शक रोगणाचे दोन मुख्य घटक म्हणजे चंद्रस आणि जवसाचे तेल. चंद्रस म्हणजे कोपल ही कठीण राळ. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जुनी झाडे कुजून गेल्यावरही त्यांची राळ जमिनीत राही. ती खणून काढत. झांझिबारहून हा माल मुंबईला येई आणि इथून युरोपात जाई, इतका की तिकडच्या बाजारात त्याला 'बॉम्बे कोपल' असेच नाव पडले होते. जवस तर आपलीच. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातली जवस रेल्वेने मुंबईला येऊन जहाजात चढे. इंग्लंडमधल्या भट्ट्यांत चंद्रस वितळवून गरम तेलात मुरवला जाई, टर्पेंटाइनने पातळ केला जाई, आणि त्या रोगणाने बग्ग्या, वाद्ये, फर्निचर चमकू लागे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याची 'रोव्हर' आली, दोन सारखी चाके आणि साखळी असलेल्या आजच्या सायकलीचा साचा ठरला, आणि रोगण करणाऱ्यांना एक नवे गिऱ्हाईक मिळाले.

पण सायकलीवर पारदर्शक रोगण नेमके कुठे लागे? जुनी सायकल पुसताना नीट पाहिले तर उत्तर दिसते. सगळ्यात खाली पोलाद. त्यावर भट्टीत भाजलेले काळे इनॅमल. त्यावर कारागिराने बारीक ब्रशने ओढलेल्या सोनेरी रेघा आणि कारखान्याच्या नावाचे ट्रान्स्फर, म्हणजे कागदावरून उतरवून चिकटवलेले छापील चित्र. या दोन्ही गोष्टी नाजूक. फडक्याने, पँटच्या घासण्याने निघून जाणाऱ्या. त्यांच्यावर शेवटचा हात पारदर्शक रोगणाचा. पोलादाची राखण काळा थर करी, नावाची आणि रेघेची राखण रोगण करी. प्रत्येकाचे काम वाटून दिलेले होते. मी वरच्या राखणदाराला खाली नेमले, आणि खालच्याला घालवून दिले.

काळ्या थराची कथा आणखी लांबची. इंग्रज कारागीर त्या कामाला 'जपानिंग' म्हणत. जपानी लाखकामाची नक्कल युरोपात सतराव्या शतकापासून होत होती. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आणि बर्मिंगहॅम भागात पत्र्याच्या तबकांवर डांबराच्या जातीचे खनिज, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे काळे मिश्रण देऊन ते भट्टीत भाजत, घासत, पुन्हा देत. जॉन मार्स्टन हा तरुण वयात याच धंद्यात उमेदवारीला लागला. पुढे त्याने आपल्या मालकाचा 'जेडो वर्क्स' हा कारखाना घेतला. जेडो म्हणजे एडो, टोकियोचे जुने नाव. १८८७ साली त्याने सायकली सुरू केल्या आणि त्यांचे नाव ठेवले 'सनबीम'. सनबीमची ख्याती तिच्या काळ्या रंगाच्या खोलीसाठी आणि त्यावरच्या सोनेरी रेघांसाठी होती. म्हणजे सायकलीचा जो काळा-सोनेरी पोशाख आपण पुढे पाऊणशे वर्षे पाहिला, तो तबके रंगवणाऱ्यांनी तिला चढवला.

मूळ जपानी लाख मात्र निराळी वस्तू. आपली लाख किड्याची. जपानची उरुशी हा एका झाडाचा चीक. ते झाड आम्रकुलातले, म्हणजे आंबा, काजू आणि बिब्बा यांचे भाऊबंद. कैरीच्या देठाचा चीक गालाला लागून फोड आलेल्या कोकणी मुलाला उरुशीच्या चिकाचा गुण वेगळा सांगायला नको. उरुशीतले दाहक द्रव्य आणि काजूच्या टरफलातले तेल ही रासायनिक दृष्ट्या जवळची नातलग आहेत. धोबी बिब्ब्याच्या रसाने कपड्यावर न पुसली जाणारी खूण करत आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना देत, ती याच घराण्याची करामत. उरुशीचा आणखी एक विशेष असा की ती वाळण्यासाठी दमट हवा लागते. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की तिचे घट्ट होणे चिकातल्याच एका किण्वद्रव्यामुळे घडते. आपले तेली रोगण ज्या पावसाळी हवेत चिकट राहते, त्या हवेत उरुशी दगडासारखी होते. जपानी कारागीर ती लोखंडी चिलखतांवर भाजूनही बसवत. कोकणच्या हवेला शोभेल असा लेप निसर्गाने आम्रकुलातच ठेवला होता. फक्त आपल्या वाट्याचे काजूचे तेल गडद तपकिरी, त्यातून पोलादाचा झळाळ दिसायचा नाही.

आता त्या करड्या थराकडे येऊ, ज्याच्याबद्दल शेजारच्या मुलाने विचारले. १९०६ साली बर्मिंगहॅमच्या टॉमस वॉट्स कॉस्लेट याने एक पेटंट घेतले. पातळ फॉस्फरिक आम्लात लोखंडाचा कीस घालून त्या उकळत्या पाण्यात वस्तू बुडवायची. तिच्या पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर धरतो. हा थर रंगासारखा वरून बसत नाही, धातूतूनच उगवतो. स्वतः तो गंज फार दिवस अडवत नाही, पण त्याच्या बारीक स्फटिकांत रंगाची मुळे रुजतात आणि रंगाला कुठे चर गेली तरी गंज बाजूला पसरू शकत नाही. अमेरिकेत पुढे पार्कर कंपनीने ही कृती जलद केली आणि तिला 'बाँडराइजिंग' नाव मिळाले. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या फ्रेमवर तसे छापून मिरवले. गिऱ्हाइकाला जो थर कधीच दिसणार नव्हता, त्याची जाहिरात वरच्या थरावर करावी लागली.

फॉस्फरसचा हा गुण आपल्याकडे फार जुना आहे. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे, आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त संरक्षक पापुद्रा तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. सोळाशे वर्षे स्तंभ उभा आहे तो त्या पापुद्र्याच्या आणि दिल्लीच्या कोरड्या हवेच्या जोरावर. परशुराम घाटात त्याचे काय झाले असते, हा प्रश्न मी वर्गात मुलांना नेहमी विचारत असे.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडच्या सायकली मुख्यतः इंग्लंडहून येत. मुंबईत रोगण मात्र आधी आले. १९२० साली लोअर परळला 'गहागन पेंट्स अँड व्हार्निश' ही कंपनी निघाली; १९३३ मध्ये ती ब्रिटिश मालकीत गेली आणि 'गुडलास वॉल' झाली. तिथून हाकेच्या अंतरावर, वरळीला, १९३०च्या दशकाच्या अखेरीस हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या त्या भागात देशी सायकल तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हिरो असे कारखाने निघाले. हिंद मागे पडत गेली. १९८० साली संसदेने एकाच कायद्याने हिंद सायकल्स आणि सेन-रॅले यांचे राष्ट्रीयीकरण केले. पुढे दोन्ही बंद पडल्या. वरळीत आज त्या नावाची सायकल बनत नाही, म्हणून जिथे कुठे जुनी हिंद उभी असेल तिच्या दांडीवरचे ट्रान्स्फर हा त्या कारखान्याचा एक दाखला ठरतो. माझ्या पडवीतला दाखला मी फडक्याने पुसून केराच्या टोपलीत टाकला होता.

गंजाच्या त्या रेघांनाही इतिहास आहे. १९४४ साली सी. एफ. शर्मन यांनी 'नेचर'मध्ये पारदर्शक लॅकर दिलेल्या पोलादावर अशाच तंतूंचे वर्णन केले. आज त्याला तंतुगंज म्हणता येईल. एखादा मिठाचा कण, बोटाच्या घामाचा ठसा लेपाखाली राहतो; तिथे पाण्याचा सूक्ष्म थेंब जमतो. थेंबाच्या पुढच्या टोकाला प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त, तिथे लोखंड विरघळते. मागच्या बाजूला हवा पोचते, तिथे गंज साचतो. त्यामुळे तंतू एकाच दिशेने सरकत राहतो. दुसऱ्या तंतूची जुनी वाट आडवी आली तर तो ती ओलांडत नाही, वळतो. हवेची आर्द्रता साधारण ६५ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान असली की हा प्रकार फोफावतो. आमच्याकडे जूनपासून दिवाळीपर्यंतची हवा याहून वेगळी क्वचितच असते.

पण लेप तर शाबूत होता, मग पाणी आत कसे गेले? याचे उत्तर केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या जे. ई. ओ. मेन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दिले. रंगाच्या साध्या थरातून गंज चढण्यास पुरेल इतके पाणी आणि प्राणवायू नेहमीच आत झिरपतात. रंग लोखंड वाचवतो तो छत्री होऊन नव्हे. क्षारांच्या विद्युत्भारित कणांची ये-जा तो रोखतो, आणि त्यातले काही रंगद्रव्य धातूला निष्क्रिय करते. याचे सगळ्यात ओळखीचे उदाहरण आपल्या देवळात आहे. मारुतीला फासतात तो शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड. जवसाच्या तेलात खललेला तोच शेंदूर शंभर वर्षे जगभरच्या पुलांना आणि जहाजांना पहिला हात म्हणून दिला गेला. तेलाशी संयोग होऊन तयार होणारे शिशाचे साबण लोखंडाचा गंज रोखतात. शिसे विषारी, म्हणून आता त्याची जागा झिंक फॉस्फेटसारख्या द्रव्यांनी घेतली आहे. काळ्या इनॅमलचे आणखी एक काम असे की ते ऊन गिळते. पारदर्शक लेपात यातले काहीच घालता येत नाही. रंगद्रव्य घातले की तो पारदर्शक राहत नाही. ऊन आरपार जाऊन लेप आणि धातू यांचा सांधा सैल करते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या सांध्यात पाणी शिरते.

विसाव्या शतकाने रोगण पुष्कळ सुधारले. १९२०च्या दशकात नायट्रोसेल्युलोजची लॅकर आली आणि मोटारी रंगवण्याचे आठवड्यांचे काम तासांवर आले. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला; त्याच घराण्यातले दोन डब्यांचे क्लिअर कोट आज गॅरेजमध्येही मिळतात, मीही तेच वापरले होते. ऊन शोषणारी रसायने त्यात मिसळतात, त्यामुळे ते लवकर पिवळे पडत नाहीत. पण त्यांची नेमणूक बदललेली नाही. मोटारीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेट, मग विजेच्या साहाय्याने हौदात बसवलेला प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत शेवटी पारदर्शक थर, असाच क्रम आहे. विजेने लेप बसवण्याची पद्धत १९६०च्या दशकात मोटार उद्योगात रुजली. पाणी जिथे शिरते त्या सांध्याकोपऱ्यांतही तो प्रायमर पोचतो, हे तिचे बळ.

या क्रमातले बरेच काही आता आमच्या गावाशेजारीच तयार होते. लोअर परळची ती जुनी कंपनी १९५७ मध्ये 'गुडलास नेरोलॅक' झाली, १९८६ मध्ये जपानच्या कान्साई पेंटने तिच्यात भागीदारी घेतली आणि २००६ पासून ती 'कान्साई नेरोलॅक' म्हणून ओळखली जाते. तिचा एक कारखाना लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आहे. ज्या देशाचे नाव इंग्रज कारागिरांनी आपल्या नकली काळ्या रोगणाला दिले, त्या देशाची कंपनी आज आंब्या-काजूच्या या मुलखात रंग बनवते. महामार्गावरून तिकडे बघताना मला हे आठवते आणि थोडे हसू येते.

शेजारच्या मुलाच्या सल्ल्याने मी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, सगळा लेप पुन्हा काढला. या वेळी फॉस्फेटिंग, झिंक फॉस्फेटचा प्रायमर, काळे इनॅमल. चिपळूणच्या एका वृद्ध पेंटरनी हात न थरथरता सोनेरी रेघा ओढल्या. "नाव काय घालू?" त्यांनी विचारले. 'हिंद' त्यांनी छान लिहिले असते. मी नको म्हटले. ते कारखान्याचे नाव झाले नसते, आमचे झाले असते. चेनकव्हरवर अण्णांचे नाव तेवढे लिहून घेतले. तेही अण्णांनी लिहून घेतलेल्या अक्षरांसारखे नाही.

खरवडताना एक जागा माझ्या तावडीतून सुटली होती. कॅरिअरची पट्टी जिथे फ्रेमला आवळलेली होती, तिच्या खाली अंगठ्याएवढा मूळ रंग राहिला होता. काळा थर, त्यावर सोनेरी रेघेचा अर्धा इंच तुकडा, आणि रेघेवर मधासारखे पिवळसर झालेले जुने रोगण. सोनेरी रंग अजून जिवंत होता. नवा रंग देताना तेवढ्या जागेवर चिकटपट्टी लावून ती आम्ही वगळली. संग्रहालयांत जुन्या धातूच्या वस्तूंवर मेण लावतात; ते हवे तेव्हा पुसून काढता येते आणि खालच्या पुराव्याला धक्का लागत नाही. मीही तिथे मेण लावतो, दर मे महिन्यात, कोयत्या-विळ्यांना तेल लावताना.

कुणाच्या घरी जुनी सायकल उभी असेल तर एवढेच सांगणे आहे. धूळ मऊ फडक्याने पुसा, उडालेल्या जागी तेवढाच रंग द्या, बाकीवर मेण लावा. पेंट रिमूव्हरचा डबा उघडण्याआधी दांडीवर काय लिहिले आहे ते वाचा, आणि एक फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता.